टेकडीवरची सपाट जागा

धाकट्याने पडलेले दात तळहाताच्या कडेने टेबलावरून ओढले, ताटाभोवतीचं खरकटं ओढावं तसे, खाली धरलेल्या डब्यात पाडले आणि फोनवरची नजर न काढता म्हणाला, "हं. पुढे."

झालं ते एवढंच. परक्या माणसाला त्यात काही दिसलंही नसतं. रविवारची दुपार, खिडकीचा पडदा अर्धवट ओढलेला, जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर, चादरीवर निळ्या कापडाच्या पट्टीची नदी, प्लॅस्टरच्या टेकड्या, आणि त्या टेकड्यांमधून दाटीवाटीने उभे केलेले माणसाचे खोटे दात. टेबलाभोवती चार मोठी माणसं. पण पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसलेल्या मास्तरच्या आत काहीतरी कटकन मोडलं, आणि मोडल्याचा आवाज आपल्याखेरीज कुणाला आला नाही याचाच त्याला जास्त राग आला. त्याला मास्तर म्हणत ते खेळ चालवायचा म्हणून. शाळेत शिकवायला तो कधी गेला नव्हता. पोटापाण्याला तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप पाठवत, हा त्यात प्लॅस्टर ओतून जबडा उभा करी, त्यावर मेण चढवी, मेणात एकेक दात बसवी आणि बिनदाताच्या माणसाचं हसू पुडक्यात बांधून परत पाठवी. रंग न जुळलेले, कोपरा उडालेले दात फेकून देण्याऐवजी तो घरी आणायचा. देवाने ज्याला जे काम दिलं त्यातूनच त्याचा खेळ निघतो. मास्तरची अख्खी फौज अशी कारखान्याच्या केरातून उभी राहिली होती. समोरचे चपटे दात म्हणजे पायदळ, सुळे म्हणजे घोडेस्वार, दाढा म्हणजे हत्ती. पांढरे दात खेळणाऱ्यांचे. पिवळट, काळपट, कुणाच्याच तोंडाला न लागलेले दात शत्रूचे, आणि शत्रू म्हणजे मास्तर.

खेळ तसा गोष्टीचा. बाकीचे तिघे गोष्टीतलं एकेक माणूस घेत आणि मास्तर उरलेलं सगळं जग घेई: शत्रू, हवा, नदीचं पाणी, वेळेला उलटणारा मित्र. अडलं की फासे. चार माणसं चार तलवारी घेऊन एखाद्या भुयारात शिरली तर हे सांभाळता येतं. पण गोष्ट वाढत गेली, राज्यं आली, राज्यांमागून फौजा आल्या, आणि हजारो माणसांच्या लढाईत प्रत्येकासाठी फासा टाकायचा तर जन्म पुरायचा नाही. पुष्कळ खेळ इथेच मरतात. मास्तरने त्यावर स्वतःची रीत काढली होती. फौज लांबून, माणूस जवळून. एक दात म्हणजे शंभर जण. प्रत्येक फेरीला आधी फौजेला एक हुकूम; मग प्रत्येकाने आपला नायक त्या गर्दीत नेमका कुठे आहे, काय करतो आहे ते सांगायचं; आणि त्याने जे केलं त्याच्या वजनाने सगळ्या फौजेचा फासा झुकायचा. आणि एक नियम असा, जो त्याने दुसरीकडे कुठे वाचला नव्हता की ऐकला नव्हता: दात पडला की तो उचलण्याआधी त्या शंभरातला एक माणूस सांगायचा. कोण होता, घरी कोण होतं, काय अर्धवट टाकून आला. मग दात डब्यात. या नियमाने लढाई रेंगाळे. पण मास्तरला वाटे की हा नियम नसेल तर आपण नुसता केर काढतो आहोत.

"माणूस राहिला," मास्तर म्हणाला.

"कुठला माणूस?"

"दात पडले ना तुझे. सांगितलं नाहीस कोणाचं."

"मेले रे दादा. मेलेल्यांचं काय सांगायचं? गर्दी होती ती."

"भावजी, एक तरी सांगा," मास्तरची बायको म्हणाली. ती खेळात पूल बांधणारी होती. सैन्याच्या पुढे जाऊन नद्यांवर पूल टाकायचे आणि सैन्य निघून गेलं की मोडायचे, हे तिचं काम. "आम्ही सगळे सांगतोच की."

"तुमचं बरं आहे वहिनी. तुमची माणसं लाकूड तासतात, भिंती लिंपतात. त्यांना घरदार असतं. माझी पुढे जातात आणि मरतात."

"मागच्या फेरीतल्या माझ्या माणसाला तीन सासवा होत्या," कंपाउंडर म्हणाला. हा मास्तरचा जुना मित्र, खरोखरच एका दवाखान्यात कंपाउंडर होता आणि खेळात वैदू. "मी जखम बांधायला धावलो तर म्हणाला, राहू दे, बरा होऊन कुठे जाऊ."

बायको हसली. धाकटाही हसला, पण फोनकडे बघून. बुधवारी त्याचं सामान निघणार होतं. बदली दुसऱ्या शहरात, बायकामुलं आधीच पुढे गेलेली. आणि हे टेबल सोडलं तर दोघा भावांनी समोरासमोर बसावं अशी जागा जगात उरलेली नव्हती. सहा दिवस एकमेकांना फोन नाही, निरोप नाही. रविवारी मात्र जिन्यात धाकट्याचे बूट वाजत. "निदान खेळापुरते तरी भाऊ राहा," असं मास्तरची बायको एकदा म्हणाली होती, आणि तेवढ्यापुरते ते राहिले होते. आज शेवटची लढाई. धाकट्याचा नायक झेंडेवाला होता, आणि त्याची फौज टेबलाच्या मधोमध, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या टेकडीवर चढून बसली होती. त्या टेकडीच्या आतल्या उतारावर एक एवढीशी सपाट जागा होती, जेमतेम एक दात उभा राहील इतकी. बाकी उतारावर दात घसरायचे. धाकट्याने झेंडेवाल्याचा सुळा बरोबर तिथे उभा केला होता. तो नेहमी तिथेच करायचा. आणि मास्तरला हेही सोसत नसे, कारण ती टेकडी कसली आहे हे फक्त मास्तरला माहीत होतं. हिरव्या रंगाच्या दोन हातांखाली तो आईचा खालचा जबडा होता, कवळीसाठी प्लॅस्टरमध्ये ओतलेला.

तळहाताची ती कड. ती त्याने आधी पाहिली होती, म्हणून तर मोडलं होतं आत. रागाचं असं असतं पहा, त्याला माणूस लागत नाही, हावभाव पुरतो. इस्पितळातली ती खोली, खिडकीखाली कपडे वाळत घातलेले, नळाला घट्ट बांधलेलं फडकं, मास्तर कारखान्यातून तसाच आलेला, नखांत प्लॅस्टर, आणि धाकट्याने दारातच सांगितलेलं, "गेली." आत जाऊन पाहतो तर आई नव्हतीच. चादरीबाहेर जे होतं त्याला ओठ नव्हते, गाल नव्हते. तोंडाच्या जागी एक सुरकुती आत ओढली गेली होती, थैलीची नाडी ओढावी तशी. त्याने तिच्यासाठी केलेली कवळी तोंडात नव्हती. त्याच्या हातून झालेलं सगळ्यांत उत्तम काम होतं ते. एकेक दात त्याने तिच्या तरुणपणच्या फोटोवरून बसवला होता, समोरचा एक जरासा वाकडा, कारण तिचा तो वाकडाच होता. ती कवळी घालून ती हसली की मास्तरला पुन्हा लहान झाल्यासारखं वाटे. "कवळी कुठंय?" त्याने विचारलं होतं, आणि धाकटा तेव्हा पलंगाजवळच्या टेबलावरची कापसाची बोंडं, गोळ्यांची पाकिटं, कागदी पेले तळहाताच्या कडेने ओढून कचऱ्याच्या डब्यात पाडत होता. "असेल त्यात. आता काय करायचीय दादा तिला?" मास्तरने डब्यात हात घातला नाही. तो मान झुकवून उभा राहिला. मग माणसं जमली, आणि ज्या ज्या माणसाने तिचं शेवटचं दर्शन घेतलं त्याने ते आत ओढलेलं तोंड पाहिलं. त्यावर भाऊ कधी बोलले नाहीत. न बोललेली गोष्ट मरत नाही. ती घरातल्या एखाद्या सामानावर रंग चढवून बसते आणि दर रविवारी टेबलावर येते.

"तुझी फेरी, मास्तर," कंपाउंडर म्हणाला.

मास्तरने आडोशामागे पाहिलं. त्याची काळपट फौज नदीच्या अलीकडे थोडीच उरली होती. फासे सरळ टाकले तर धाकटा जिंकणार, हे त्याला दिसत होतं. जिंकून उठेल, बूट घालेल, बुधवारी जाईल. आतापर्यंत कितीदा तरी धाकट्याला हरवावंसं वाटलं होतं, खेळात तेवढं चालतं. आज हरवावंसं वाटत नव्हतं. मोडावंसं वाटत होतं. त्या हिरव्या जबड्यावरून त्याचा शेवटचा दात खाली पडावा आणि ते त्याने बघावं. खेळ चालवणाऱ्याच्या हातात जी ताकद असते ती फार वाईट. अख्खं जग तुमच्या बाजूने, आणि समोरच्याच्या हातात आपला एक फासा. ती वापरायची नाही, या एका भरवशावर माणसं येऊन बसतात. मास्तरने ड्रॉवर उघडला आणि राखून ठेवलेले काळे दात मुठीत घेतले. मूठ गच्च झाली. दात तळव्याला चावले.

"नदीपलीकडून ढोल ऐकू येतात," तो म्हणाला. "दलदलीच्या बाजूने. शत्रूची मागे ठेवलेली फौज आली." आणि त्याने टेबलाच्या कडेला एकामागून एक काळे दात मांडायला सुरुवात केली.

कंपाउंडरने तोंड उघडलं आणि मास्तरच्या बायकोकडे पाहिलं. ती निळ्या कापडाच्या पट्टीकडे बघत होती. धाकट्याने दुपारभरात पहिल्यांदा फोन पालथा ठेवला.

"किती आहेत?"

"दिसतील तेवढे."

"बरं," धाकटा म्हणाला. "येऊ देत."

पुढची फेरी मास्तरने मन लावून चालवली. इतकं मन लावून त्याने कधीच लढाई सांगितली नव्हती. चिखलातून येणारे पाय, पुढच्याच्या पाठीला टेकलेली मागच्याची ढाल, टेकडीवरच्यांना आधी वास येतो आणि मग दिसतं, हे सगळं त्याच्या तोंडून असं येत होतं की कंपाउंडर आपली चाल विसरला. द्वेषालाही वाणी फुटते, ही देवाची अजब करणी. फासे पडले. काळे दात टेकडीच्या एका टोकाला भिडले आणि धाकट्याचे पांढरे दात आडवे झाले. मास्तर तळहाताच्या त्या कडेची वाट बघत राहिला. ती आली नाही. धाकट्याने पडलेला पहिला दात दोन बोटांत धरून उजेडाकडे केला.

"हा एक होता," तो म्हणाला. "माणूस सांगतो. याची आई म्हातारी होती. दोन मुलं. थोरला मोठा कारागीर, तो वेगळा राहायचा. हा आईजवळ." दात डब्यात टाकला. टक्क असा आवाज झाला.

"पुढचा," मास्तर म्हणाला.

"हा. याची आई मऊ कालवून खायची, घास जिभेने टाळ्याला दाबून. थोरला आला की मात्र चावून दाखवायची. कडक भाजलेलं मागून घ्यायची. थोरल्याला फार बरं वाटायचं." टक्क.

"भावजी," मास्तरची बायको हळू आवाजात म्हणाली.

"थांबा वहिनी, नियम आहे. प्रत्येक दाताला एक माणूस." त्याने तिसरा उचलला. "हा बेसिनपाशी उभा राहायचा. थोरला जिना उतरला, खालचं दार लागल्याचा आवाज आला, की आई तोंडातलं काढून याच्या हातात द्यायची. म्हणायची, धू आणि ठेव, तो येईल तेव्हा लागेल. खालच्या तुकड्यावर रक्त असायचं. थोडंसंच. हा ते अंगठ्याने धुवायचा." टक्क.

पंखा फिरत होता. हिरव्या चादरीचं टोक उडत होतं आणि बसत होतं. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढली.

"खोटं," मास्तर म्हणाला.

"नियम तुझा आहे, दादा. खरा माणूस सांगायचा की बनवून, ते तू कधी सांगितलं नाहीस."

मास्तरने फासे उचलले. त्या क्षणी त्याला काही ऐकायचं नव्हतं, फक्त तो हिरवा जबडा रिकामा व्हायला हवा होता. तुकडीमागून तुकडी त्याने वर ढकलली. हुकूम देणाराही तोच, फासा टाकणाराही तोच, आडोशामागे काय पडलं ते सांगणाराही तोच, आणि एकदा जे पडलं त्यापेक्षा जास्त त्याने सांगितलं. पांढरे दात ओळीने आडवे झाले. धाकटा आता काही बोलत नव्हता, प्रत्येक दात उचलून नुसता मास्तरसमोर ठेवत होता, आडोशाच्या अलीकडे, ओळीत. टेकडीवर झेंडेवाल्याचा सुळा उरला, त्याच्या सपाट जागेवर, एकटा. मास्तरने शेवटचा फासा मुठीत घेतला.

"पूल मी जाळलाय," त्याची बायको म्हणाली.

आवाज न चढवता, भाजीत मीठ राहिल्याचं सांगावं तसं. मास्तरला आधी कळलंच नाही.

"मागच्या रविवारी. दलदलीकडून यायला तो एकच पूल होता. तुम्हीच म्हणालात, लाकूड कडकड वाजतंय, पलीकडच्या काठावर ते नुसते बघत उभे आहेत. कंपाउंडरभाऊंनी आणलेल्या, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्यांचा केला होता, मी इथे टेबलावर मोडल्या त्या. ती फौज नदीपलीकडेच आहे हो अजून. ती येऊच शकत नाही."

कंपाउंडर आपल्या नखांकडे बघत होता. मास्तरने काळ्या दातांच्या रांगेकडे पाहिलं, निळ्या कापडाकडे पाहिलं. इतकी वर्षं खेळ चालवला; कोणत्या गावात कोणती विहीर आटली हे तो झोपेत सांगे. पूल विसरला होता. नुसता विसरला असता तरी चाललं असतं; त्याच्या लक्षात आलं की पूल आठवला असता तरी त्याने फौज आणली असती.

"तुला माहीत होतं?" त्याने धाकट्याला विचारलं.

"ढोल वाजले तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला एवढं मारायचं होतं, म्हटलं मार. बुधवारी मी जातोय. पुन्हा कधी सापडणार तुला." तो उठला, खुर्ची आत सरकवली. दाराजवळ जाऊन बुटात पाय घालायला वाकला. वाकूनच म्हणाला, "त्या दिवशी कवळी तोंडात घालून आईला न्यायचं, असं तुझ्या मनात होतं. कळलं होतं मला. मी मुद्दाम नाही घातली. म्हटलं, आता तरी टोचू नये तिला."

"मला का नाही सांगितलं तिने? एका शब्दाचं काम होतं. कानशीच्या दोन हातांचं."

"तू जिन्यातूनच विचारत यायचास ना. काय म्हणतेय कवळी? तब्येतीचं नंतर विचारायचास. सांगणार काय तुला?"

मास्तरला त्या वाकलेल्या पाठीत लाथ घालावीशी वाटली. इतकी खरी लाथ, की पाय टेबलाखाली हललाही. हात मात्र दुसरंच करत होते. ते काळे दात एकेक करून उचलत होते, मुठीत घेत होते, ड्रॉवरमध्ये टाकत होते. टेकडी मोकळी झाली. शेवटी राहिला झेंडेवाला. मास्तरने तो सुळा उचलला आणि त्याच्याखालच्या सपाट जागेवर अंगठा ठेवला.

त्या जागी रंगाखाली बारीक ओरखडे होते. सुरीचे. अंगठ्याला ते असे लागले की जणू कुणी आतून ओढून दाखवले. खालचा जबडा, डावी बाजू, जिभेच्या अंगाने. माप घेताना हवेचा बुडबुडा अडकला की प्लॅस्टर ओतल्यावर तिथे बारीकसा गोळा उमटतो, आणि कारागीर तो सुरीने खरवडून टाकतो. रोजचं काम आहे ते, त्यासाठी कुणी डॉक्टरला फोन करत नाही. आईच्या जबड्यावर असा एक गोळा आला होता. बुडबुड्यापेक्षा जरा रुंद होता, बुडाशी पसरट होता, हेही त्याने पाहिलं होतं. आता आठवतंय म्हणजे पाहिलंच होतं. सुरी हातात होती, काम सुंदर चाललं होतं, त्याने एका फटक्यात गोळा उडवला, वर अंगठा फिरवला आणि सगळं सपाट झालं म्हणून त्याला समाधान वाटलं. तो बुडबुडा नव्हता. हाड होतं. तिचं होतं. जिथे हाड होतं तिथे त्याने नाही म्हटलं, आणि नाही म्हटलेल्या हाडावर कवळी बेतली, आणि प्रत्येक भेटीला ती कवळी त्या हाडावर दाबून बसवून आई त्याच्याकडे बघून हसली.

"डावीकडे?" त्याने विचारलं. "खाली, आतून?"

धाकटा बुटाची नाडी सोडून उभा राहिला. त्याने बोट जबड्याखाली लावलं, डाव्या बाजूला. "इथे," तो म्हणाला. "हे आहे ना, ते. मलाही आहे. तुला नाहीये?"

तोंड मिटलेलंच ठेवून मास्तरने जीभ खाली, डावीकडे नेली. होतं. गुळगुळीत, कठीण, वाटाण्याच्या फाकेएवढं. जन्मभर तोंडात होतं आणि कधी लक्ष गेलं नव्हतं. जगाच्या तोंडांची मापं घेणाऱ्याला आपल्या तोंडाचं माप घ्यायची वेळ देवाने आज आणली.

"मास्तर," कंपाउंडर घसा खाकरून म्हणाला, "मग आता कसं धरायचं? टेकडी पडली की नाही?"

"निकाल दे," दारातून धाकटा म्हणाला. "मला निघायचंय."

मास्तरने समोरची पांढऱ्या दातांची ओळ पाहिली, धाकट्याने मांडलेली. आलीच नाही अशा फौजेने मारलेली माणसं. ती सगळी पुन्हा उभी करायला हवी होती, एकेक करून, आणि त्यासाठी अंगठा उचलायला हवा होता. तो उचलवेना.

"टेकडी तुझी," तो म्हणाला, दातांवर दात ठेवून. त्यात माफी नव्हती. जे पदरचं जातं ते देताना माणूस बोलतो तसं तो बोलला.

"ती होतीच," धाकटा म्हणाला, आणि बाहेर गेला. दार त्याने आपटलं नाही. जिन्यात बूट वाजत राहिले, मग खालचं दार लागल्याचा आवाज आला.

तो आवाज ऐकला आणि मास्तरचा अंगठा त्या सपाट जागेवर आपोआप मागेपुढे फिरू लागला, नळाखाली काहीतरी धुवत असल्यासारखा.